आधी पाणी विचारा, मग धातू: अणुभट्टीच्या भागांसाठी मिश्रधातू कसा निवडावा

माझ्या हाताखाली आलेल्या जवळजवळ प्रत्येक नव्या इंजिनिअरने पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारला आहे: "मॅडम, यातला सगळ्यात गंजरोधक धातू कोणता?" मी उत्तर देत नाही. एक कोरा कागद देते आणि सांगते, तुझा भाग कुठे बसणार, त्याच्या अंगावरून काय वाहणार, ते आधी लिही. कागद भरेपर्यंत धातूचं नाव काढायचं नाही.

अठ्ठावीस वर्षं मी अणुभट्टीच्या भागांचं मटेरियल तपासते, मंजूर करते, आणि तडा गेलेले तुकडे कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघते. एवढ्या वर्षांत एकही असा धातू पाहिला नाही, जो सगळीकडे टिकतो. टिकते ती जोडी: हा धातू आणि हे पाणी, या तापमानाला, एवढ्या ताणाखाली, या पद्धतीने वेल्ड केलेला. जोडीतली एक गोष्ट बदलली की पुन्हा पहिल्यापासून हिशेब. म्हणून ही निवड मी ज्या क्रमाने करते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

कागद भरताना

पहिली ओळ द्रवाची. तिथे नुसतं "पाणी" लिहिलेलं मी परत करते. दाबित पाण्याच्या भट्टीत पाण्यात बोरिक आम्ल असतं, ते सावरायला लिथियम हायड्रॉक्साइड, आणि ऑक्सिजन उरू नये म्हणून विरघळवलेला हायड्रोजन. उकळत्या पाण्याच्या भट्टीत पाणी जवळपास निर्भेळ असतं, पण किरणोत्साराने त्याचे रेणू फुटतात, हायड्रोजन वाफेबरोबर निघून जातो आणि सुमारे २०० पीपीबी ऑक्सिजन मागे उरतो. जड पाण्याच्या भट्टीत लिथियमने अल्कधर्मी केलेलं जड पाणी. तापमानं एकमेकांच्या जवळ, ढोबळमानाने २५० ते ३३० अंश सेल्सिअस. तरी एका भट्टीत निर्धास्त राहिलेलं पोलाद दुसरीत भेगाळलेलं आहे. २०० पीपीबी म्हणजे एक टन पाण्यात एक ग्रॅमचा पाचवा हिस्सा. एवढ्याशा ऑक्सिजनवर सगळा खेळ फिरतो.

मग तापमान, आणि तेही धातूच्या भिंतीचं. नळीतून उष्णता बाहेर जात असेल तर पाण्याचं तापमान आणि भिंतीचं तापमान वेगळं असतं, आणि गंज भिंतीवर लागतो. मग प्रवाहाचा वेग, वळणं, नळी अरुंद होते त्या जागा. मग ताण. डिझाइनच्या आकड्यात वेल्डिंगमुळे आत राहिलेला ताण बहुतेक वेळा धरलेला नसतो, आणि तो एकटाच धातूच्या नमनबिंदूपर्यंत, म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो त्या ताणापर्यंत, पोचू शकतो. मग न्यूट्रॉन. मग फटी.

फटींपाशी थोडं थांबा. वाफनिर्मितीच्या पात्रात नळी आणि तिला धरणारी ताटली यांच्यात केसाएवढी फट असते. तिथे पाणी उकळतं, वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. बाहेरच्या पाण्यात काही पीपीबी असलेला सोडियम किंवा क्लोराइड त्या फटीत साठत साठत टक्क्यांत मोजण्याइतका दाट होतो. म्हणजे पाण्याचा रिपोर्ट कितीही सुंदर असला तरी फटीतली नळी वेगळ्याच द्रवात बुडालेली असते. फट डिझाइनमध्येच टाळता आली तर टाळा. मिश्रधातूच्या जोरावर फटीशी लढणं ही शेवटची वाट.

शेवटची ओळ सगळे विसरतात: भट्टी बंद असताना काय? झाकण उघडतं, हवा आत येते, पाणी थंड आणि साचलेलं असतं, क्वचित नळ्या अर्धवट ओल्या राहतात. चालू भट्टीत न लागणारा गंज या दिवसांत लागू शकतो. ही ओळ कोरी ठेवून आलेला कागद मी सही न करता ठेवून देते.

गाभ्यात: झिरकोनियम, पण कोणतं?

गाभ्यात गंजाच्या आधी न्यूट्रॉनचं मत घ्यावं लागतं. इंधनाच्या आवरणनळीने न्यूट्रॉन गिळले तर विखंडनाची साखळी मंदावते. स्टेनलेस स्टील तिथे न्यूट्रॉन खातं, म्हणून झिरकोनियम. त्याचा औष्णिक (मंद) न्यूट्रॉन शोषण्याचा काटछेद, म्हणजे न्यूट्रॉन गिळण्याच्या शक्यतेचं माप, जेमतेम ०.१८ बार्न आहे. मात्र खनिजात त्याच्यासोबत दोन-तीन टक्क्यांपर्यंत हाफनियम येतं, आणि हाफनियमचा काटछेद १०० बार्नच्या वर. दोघांचं रसायन इतकं सारखं की वेगळं करायला खास प्रक्रिया लागते. अणुभट्टीच्या दर्जाच्या झिरकोनियममध्ये हाफनियम १०० पीपीएमच्या (दहा लाखांत १०० भागांच्या) आत हवं. रासायनिक कारखान्यात आम्लासाठी वापरलं जाणारं झिरकोनियम हाफनियमसकट चालतं, कारण आम्लाला त्याची पर्वा नाही. सर्टिफिकेटवर "झिरकोनियम" एवढंच वाचून समाधान मानू नका, हाफनियमची ओळ शोधा.

शुद्ध झिरकोनियम गरम पाण्यात बेभरवशाचं वागतं, कारण त्यातला किंचित नायट्रोजन ऑक्साइडचा थर बिघडवतो. त्याचा बंदोबस्त म्हणून कथील घातलं गेलं. पुढे लोह, क्रोमियम आणि निकेल थोडं थोडं आलं आणि झिरकॉलॉय-२ तयार झाला. मग कळलं, निकेल गंज रोखतं खरं, पण गंजातून सुटलेला हायड्रोजन धातूत शिरायलाही मदत करतं. म्हणून झिरकॉलॉय-४ मध्ये निकेल काढून टाकलं आणि लोह थोडं वाढवलं. आज नायोबियम असलेले मिश्रधातू बऱ्याच ठिकाणी पुढे आहेत: आवरणनळ्यांसाठी १ टक्का नायोबियमचे, आणि जड पाण्याच्या भट्ट्यांतल्या प्रेशर ट्यूबसाठी, म्हणजे इंधन आणि गरम जड पाणी दाबाखाली धरणाऱ्या नळ्यांसाठी, अडीच टक्क्यांचा.

इथे गंजाचा वेग ही अर्धीच गोष्ट. झिरकोनियम पाण्यातला ऑक्सिजन घेतं आणि हायड्रोजन मोकळा होतो, त्यातला काही धातूत मुरतो. ३०० अंशांना धातू साधारण ७० पीपीएम हायड्रोजन विरघळवून ठेवतो, थंड झाल्यावर जवळजवळ काहीच नाही. जास्तीचा हायड्रोजन हायड्राइडच्या पातळ पात्या होऊन बाहेर पडतो. या पात्या नळीच्या परिघाला समांतर असतील तर नळी बरंच सहन करते. त्या आतून बाहेर, भिंतीला छेद देत उभ्या राहिल्या तर तोच हायड्रोजन भिंत फोडतो. त्यामुळे नळी घेताना हायड्रोजनचा आकडा तर मागाच, पण हायड्राइडच्या दिशेचा फोटोही मागा. नळी कारखान्यात कशी ओढली, भिंत आणि व्यास कोणत्या प्रमाणात कमी केले, यावर ती दिशा ठरते.

आणि कुठलाही मिश्रधातू त्याच्या बसण्याच्या जागेपासून वेगळा काढून पाहू नका. १९८३ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या पिकरिंगच्या दुसऱ्या भट्टीत झिरकॉलॉय-२ ची एक प्रेशर ट्यूब चालू भट्टीत फाटली, सुमारे दोन मीटर लांब. ट्यूबला बाहेरच्या थंड कॅलॅन्ड्रिया ट्यूबपासून दूर ठेवणाऱ्या गार्टर स्प्रिंगा जागेवरून सरकल्या होत्या. ट्यूब खाली झुकून थंड नळीला टेकली. धातूतला हायड्रोजन नेहमी थंड बाजूला सरकतो. टेकलेल्या जागी तो जमत गेला, हायड्राइडचे फोड आले आणि तिथून तडा गेला. त्या मिश्रधातूचं हायड्रोजन पिणं आणि स्प्रिंगांचं सरकणं, दोन्ही मिळून ट्यूब फाटली. पुढच्या नळ्या झिरकोनियम-नायोबियमच्या आल्या आणि स्प्रिंगांची रचनाही बदलली.

झिरकोनियमची स्वीकृती कशी करायची, ते एकदा डोळ्यांनी बघा. छोटे तुकडे पिकलिंग करून (आम्लात बुडवून साफ करून), वजन करून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद पात्रात, टाकतात: ४०० अंश, १०.३ मेगापास्कल वाफ, तीन दिवस. बाहेर काढून पुन्हा वजन. वाढ दर चौरस डेसिमीटरला २२ मिलिग्रॅमच्या आत हवी. पण तराजूच्या आधी मी तुकडा दिव्याखाली धरते. चांगला तुकडा एकसारखा काळा, चकचकीत, त्यात दिव्याची कड स्पष्ट दिसते. एखाद्या तुकड्यावर तांदळाच्या कणीएवढा पांढरट ठिपका असतो, वजनाचा आकडा मात्र मर्यादेत. सरासरीत तो ठिपका हरवतो. अशा वेळी आकड्यापेक्षा ठिपक्यावर विश्वास ठेवा. पिकलिंगनंतर फ्लोराइड नीट धुतलं गेलं नाही की असे पांढरे डाग येतात, आणि मग चूक धातूची नसून धुण्याच्या टाकीची असते.

स्टेनलेस स्टील: कार्बनचा दशांश

गाभ्याबाहेरच्या बहुतेक नळ्या, पंप, झडपा आणि दाबपात्राचं आतलं अस्तर ऑस्टेनाइटिक स्टेनलेसचं (क्रोमियम आणि निकेल असलेल्या नेहमीच्या प्रकाराचं) असतं. सर्वात जास्त चुका मी इथेच पाहिल्या, म्हणून इथे सावकाश जाऊ.

स्टेनलेसचं रक्षण करतो तो क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा. तो टिकायला धातूत १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम लागतं, ३०४ या सर्वात नेहमीच्या दर्जात ते १८ असतं. मग अडचण कुठे? वेल्डच्या शेजारी, जिथे धातू वितळत नाही पण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात काही काळ राहतो. धातू बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो; तिथे कार्बन या कणांच्या सीमेवर जाऊन क्रोमियमला धरतो आणि कार्बाइड बनतं. सीमेलगतच्या अरुंद पट्टीतलं क्रोमियम संपतं. तुकड्याचं सरासरी विश्लेषण अजूनही १८ टक्केच दाखवतं, पण सीमेवरचा धातू आता स्टेनलेस उरलेला नसतो. याला सेन्सिटायझेशन म्हणतात. त्यात वेल्डचा ताण आणि पाण्यातला ऑक्सिजन मिळाला की भेग कणाकणाच्या मधून वाट काढते. १९७० च्या दशकात उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांच्या नळ्यांमध्ये नेमकं हेच आढळलं.

उपाय तिन्ही बाजूंनी झाले. धातूत कार्बन कमी केला: साध्या ३०४ मध्ये ०.०८ टक्क्यापर्यंत चालतो, ३०४एल मध्ये ०.०३ पर्यंत, आणि या नळ्यांसाठी काढलेल्या ३१६ च्या अणुदर्जाच्या प्रकारात ०.०२ च्या आत. कार्बन गेला की ताकद उतरते, ती थोडा नायट्रोजन घालून परत आणतात. ३१६एलएन अशा नावातला "एल" म्हणजे कमी कार्बन, "एन" म्हणजे हा नायट्रोजन. ताणाच्या बाजूने वेल्डला आतून पाणी खेळवून थंड ठेवण्यासारख्या पद्धती आल्या. पाण्याच्या बाजूने हायड्रोजन सोडून धातूचं विद्युत विभव उणे २३० मिलिव्होल्टच्या खाली आणलं. तिन्ही एकदम करता आले तर उत्तम. एकच करता येत असेल तर मी धातूपासून सुरुवात करते, कारण तो बसवल्यानंतर बदलता येत नाही.

आता तपासणी. एकदा नळीचा एक तुकडा माझ्याकडे आला. सर्टिफिकेट ३०४एल चं, कार्बन ०.०२ च्या घरात. हातातल्या एक्स-रे गनने साइटवर तपासून "ठीक" असा शेरा मारलेला. रिवाज म्हणून मी वेल्डशेजारची पट्टी कापून घेतली, पॉलिश केली आणि ऑक्झॅलिक आम्लात लावली. दहा टक्के द्रावण, तुकडा धन टोकाला, दर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर, दीड मिनिट. धुऊन, वाळवून ५०० पट भिंगाखाली धरली. वेल्डपासून चार-पाच मिलिमीटरवर कणांच्या सीमा काळ्या, रुंद आणि खोल दिसत होत्या. शेतातल्या बांधाभोवती चर खणावा तसा एकेका कणाला पूर्ण वेढा. मी फोकस वरखाली केला, चर खरंच खोल होते.

या चाचणीत तीन चित्रं दिसतात. कणांमध्ये नुसत्या पायऱ्या दिसल्या तर धातू पास. काही चर आहेत, पण एकही कण पूर्ण वेढलेला नाही, तरी पास. एक जरी कण चराने पूर्ण वेढला असेल तर ऑक्झॅलिकवर निर्णय द्यायचा नाही, पुढची चाचणी करायची: तांब्याचे तुकडे, कॉपर सल्फेट आणि गंधकाम्लाच्या उकळत्या द्रावणात १५ तास, मग १८० अंशांत वाकवून भेगा बघायच्या. त्या तुकड्याला वाकवताना बाहेरच्या अंगावर बारीक भेगांची रांग उठली.

कारण शोधायला दोन दिवस लागले. मूळ नळी कापताना हीट नंबर, म्हणजे धातू कोणत्या वितळणीतला ते सांगणारा क्रमांक, एकाच अर्ध्यावर राहिला. दुसरा अर्धा साध्या ३०४ च्या ढिगात गेला आणि तिथला एक तुकडा त्याच्या जागी आला. एक्स-रे गनने क्रोमियम आणि निकेल बरोबर मोजलं होतं. पण हातातली एक्स-रे गन कार्बन मोजूच शकत नाही, इतक्या हलक्या मूलद्रव्याचे किरण तिच्यापर्यंत पोचत नाहीत. ३०४ आणि ३०४एल तिला सारखेच दिसतात. त्यासाठी ठिणगी पाडून मोजणारा स्पेक्ट्रोमीटर लागतो. तेव्हापासून माझा नियम आहे: "एल" दर्जाची ओळख गनवर मान्य नाही.

आणखी एक. कमी कार्बनचा धातू नुसता आला तसा तपासू नका. ६७५ अंशांना तासभर ठेवून त्याला मुद्दाम सेन्सिटायझेशनची संधी द्या, मग चाचणी घ्या. तुम्हाला जाणून घ्यायचं असतं, वेल्ड झाल्यावर तो कसा वागेल.

कार्बन कमी केला म्हणजे झालं असंही नाही. वेल्ड सपाट करायला जोरात ग्राइंडिंग केलं की पृष्ठभागाचा पातळ थर कठीण आणि ताणलेला होतो, आणि तिथून ३१६एल सुद्धा भेगाळतो. ग्राइंडिंगनंतर बारीक पॉलिश करून तो थर काढा, आणि थंड वाकवलेल्या भागांची कठिणता मोजा. पोलादी ब्रश स्टेनलेसवर चालवू नका. लोखंडाचे कण रुततात आणि तिथून गंज सुरू होतो. शंका असेल तर फेरॉक्सिल द्रावणाचा थेंब टाका, लोखंड असेल तिथे काही सेकंदांत निळं उमटतं.

क्लोराइड बाहेरूनही येतं. मार्करची शाई, चिकटपट्टीचा गोंद, उष्णतारोधक लोकर, घामेजलेला हात. ओल्या लोकरीतून निघालेलं क्लोराइड गरम नळीवर वाळत राहतं आणि नळी बाहेरून आत तडकते. ती भेग वेगळी ओळखू येते: कणांच्या सीमा न जुमानता कणांमधून आरपार जाते आणि झाडाच्या मुळांसारख्या फांद्या फुटतात. नळीला जे जे लागणार, त्या प्रत्येकाचं क्लोराइडचं सर्टिफिकेट मागा, चिकटपट्टीचंसुद्धा.

निकेलचे मिश्रधातू

क्लोराइडला स्टेनलेस घाबरतं म्हणून वाफनिर्मितीच्या नळ्यांसाठी निकेलकडे वळले. ७२ टक्क्यांच्या वर निकेल आणि १५ च्या आसपास क्रोमियमचा अलॉय ६०० क्लोराइडला दाद देत नव्हता. पण १९५९ मध्येच फ्रान्सच्या आंरी कोरियू यांनी दाखवलं की ३५० अंशांच्या अगदी शुद्ध पाण्यात ताणाखाली तो तडकतो. त्यांच्या निष्कर्षावर बरीच वर्षं वाद चालला. नंतर भट्ट्यांमधल्या नळ्यांनी तो वाद मिटवला.

त्यातली सर्वात बोलकी घटना २००२ ची, अमेरिकेतल्या डेव्हिस-बेसी इथली. नियंत्रण दांड्यांसाठीची अलॉय ६०० ची नळी दाबपात्राच्या झाकणात भेगाळली. भेगेतून बोरिक आम्लाचं पाणी झिरपत राहिलं आणि साध्या पोलादाचं जाडजूड झाकण बाहेरून खात गेलं. सापडलं तेव्हा त्या खड्ड्याच्या तळाशी जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचं स्टेनलेसचं अस्तर दाब तोलून उभं होतं. बोरिक आम्लाचे पांढरे थर झाकणावर आधीपासून दिसत होते. निवड करताना म्हणून एक प्रश्न जोडा: हा भाग गळला तर गळलेलं पाणी कोणत्या धातूवर पडेल?

आज नव्या कामात क्रोमियम ३० टक्क्यांच्या आसपास नेलेला अलॉय ६९० घ्या, आणि तोही सुमारे ७०० अंशांना काही तास ठेवलेला, ज्यात कणसीमांवर कार्बाइड बसतं पण क्रोमियमची तूट भरून निघते. वाफनिर्मितीच्या नळ्यांसाठी अलॉय ८०० चाही अनुभव चांगला आहे. पण वेल्डचा धातू विसरू नका. जुन्या वेल्डतारेत, १८२ मध्ये, क्रोमियम जेमतेम १५ टक्के होतं आणि ती ६०० पेक्षाही लवकर तडकते. ६९० बरोबर ५२ किंवा १५२ च लागते. ती वितळल्यावर जड वाहते, दोष लवकर राहतात, वेल्डरला सराव द्यावा लागतो. तो वेळ वेळापत्रकात आधीच धरा.

जुन्या भट्टीत ६०० आहेच, तर भाग तापमानाप्रमाणे क्रमाने लावा. या भेगांचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, म्हणून सर्वात गरम जागा आधी तपासायची.

साधं पोलाद, ज्याकडे कुणी बघत नाही

टर्बाइनकडच्या फीडवॉटरच्या (वाफ करायला परत जाणाऱ्या पाण्याच्या) नळ्या साध्या कार्बन स्टीलच्या असतात. ऑक्सिजन काढलेल्या वेगवान पाण्यात त्यांचं रक्षण करणारा मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा, थर विरघळत जातो, सर्वात जास्त १३० ते १५० अंशांच्या आसपास, वळणं आणि ऑरिफिसच्या (प्रवाह अरुंद करणाऱ्या भोकाच्या चकतीच्या) पुढे. भेग पडत नाही, गळती लागत नाही, भिंत गुपचूप पातळ होते आणि एके दिवशी फाटते. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सरी इथे चार माणसं गेली. ९ ऑगस्ट २००४ ला जपानच्या मिहामा इथे पाच. मिहामाची नळी मूळ १० मिलिमीटर जाड होती, फाटली तिथे दीड मिलिमीटरपेक्षा कमी उरली होती. १९७६ पासून चालू असलेल्या त्या भट्टीत ती जागा तपासणीच्या यादीतच नव्हती. ही गोष्ट सांगताना मला अजूनही गलबलून येतं, कारण अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने तिथली जाडी मोजायला काही मिनिटंच लागतात.

उपाय स्वस्त आहे. पोलादात ०.१ ते ०.२ टक्के क्रोमियम असलं तरी झीज लक्षणीय घटते, सव्वा टक्का असेल तर ती जवळपास थांबते. मानकात क्रोमियमची किमान मर्यादा नसते, म्हणून ऑर्डरमध्ये ती स्वतः लिहा.

कठीण थर आणि कोबाल्ट

झडपांच्या बैठकीवर स्टेलाइटचा थर देतात, तो झिजत नाही. पण त्यात कोबाल्ट असतं. झिजून सुटलेला कण गाभ्यातून फिरला की कोबाल्ट-६० होतो, अर्धायुष्य ५.२७ वर्षं, आणि मग तो नळीच्या एखाद्या कोपऱ्यात बसून दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला किरणोत्साराची मात्रा देत राहतो. शक्य तिथे निकेल किंवा लोहावर आधारलेला कठीण थर वापरा, आणि स्टेनलेसच्या ऑर्डरमध्येही कोबाल्टची कमाल मर्यादा घाला.

शीतक बदललं तर

वर लिहिलेलं बरंचसं पाण्याचं आहे. वितळलेल्या सोडियममध्ये ३१६एलएन सारखी पोलादं छान टिकतात, अट एवढीच की सोडियममधला ऑक्सिजन काही पीपीएमवर ठेवला पाहिजे. वाफेच्या बाजूला क्लोराइड आणि कॉस्टिकची (सोडियम हायड्रॉक्साइडची) भीती म्हणून तिथे सुधारित ९ क्रोमियम-१ मॉलिब्डेनम पोलाद वापरतात. पण दोन्ही पोलादं एकाच सोडियममध्ये असतील तर कार्बन एकातून दुसऱ्यात सरकतो, तो हिशेब वेगळा करा. वितळलेल्या शिशात निकेल विरघळतं, त्यामुळे निकेलचे महागडे मिश्रधातू तिथे सर्वात आधी खाल्ले जातात.

फ्लोराइडच्या वितळलेल्या क्षारांत तर क्रोमियमच शत्रू होतं. ऑक्साइडचा पापुद्रा तिथे टिकत नाही, आणि मिश्रधातूतल्या मुख्य मूलद्रव्यांत क्रोमियम सर्वात आधी फ्लोराइड होऊन निघून जातं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९६५ ते १९६९ चाललेल्या क्षार-भट्टीत म्हणूनच हॅस्टेलॉय-एन वापरला: निकेल, १६ टक्के मॉलिब्डेनम, आणि क्रोमियम फक्त ७. पाण्यासाठी अलॉय ६९० मध्ये ३० टक्के, इथे ७. पुढे त्यातही विखंडनातून आलेल्या टेल्युरियममुळे पृष्ठभागावर सीमांच्या बारीक भेगा दिसल्या.

कागद बंद करण्याआधी

दोन ओळी राहतात. एक, हा भाग बसवल्यावर कोणत्या पद्धतीने तपासता येईल आणि तपासणीचा प्रोब तिथपर्यंत पोचेल का. पोचत नसेल तर डिझाइन परत पाठवा, मिश्रधातू कितीही चांगला असो.

दुसरी, राखीव तुकडा. प्रत्येक हीटचा हातभर तुकडा आणि त्याच वेल्डरने त्याच तारेने केलेला एक नमुना वेल्ड बाजूला ठेवायला सांगा. वीस वर्षांनी भेग सापडली की पहिला प्रश्न असतो, हा धातू सुरुवातीला कसा होता? त्याचं उत्तर त्या तुकड्याशिवाय दुसरं कुणी देऊ शकत नाही. तुकडा कोरड्या कपाटात ठेवा, आणि हीट नंबर त्याच्या दोन्ही टोकांना कोरून लिहा, मार्करने नको.